पिवळ्या बॉलचा पंचनामा

मन्मथअप्पांनी मला दुकानात बोलावून चहा पाजला, तेव्हाच मी उठून घरी जायला हवं होतं.

अप्पांचं चौसाळ्यात हायवेला लागून कापडाचं दुकान आहे. त्या दुकानात चहा मिळतो तो लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या मंडळींना. एकच साडी घेणाऱ्याला पाणी मिळतं आणि टॉवेल घेणाऱ्याला पंख्याचा वारा. माझ्या घरात लग्न नव्हतं आणि मला टॉवेलही नको होता. तरी चहा आला. त्यात आलं होतं, आणि बशीत दोन खारी होत्या.

"भाऊसाहेब, एक ओळ लिहून पायजे तुमच्याकडनं," अप्पा म्हणाले. "एकच. जास्ती तरास न्हाई."

मी चौतीस वर्षं तलाठी होतो. एका ओळीत काय काय मावतं हे मला कुणी शिकवायला नको. सातबाऱ्यावरच्या एका ओळीपायी सख्खे भाऊ एकमेकांच्या बांधावरून चालणं सोडतात. म्हणून मी खारी तशीच ठेवून विचारलं, "कसली ओळ?"

"सेफ्टीची," अप्पा म्हणाले आणि त्यांनी वर छताकडे बोट दाखवलं.

अप्पांच्या दुकानाच्या वर एक हॉल आहे आणि त्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचं पूल टेबल आहे. हिरव्या कापडाचं, सहा जाळ्यांचं, काठीनं पांढरा बॉल मारून रंगीत बॉल जाळीत घालायचे ते. हायवेवरचं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा माजी सरपंच विठ्ठलरावांनी ते उचललं आणि विहिरीचा गाळ काढायच्या क्रेननं खिडकीतून वर चढवलं. खिडकीची चौकट काढावी लागली होती, ती नंतर पक्की बसवली. म्हणजे हॉल अप्पांचा, टेबल विठ्ठलरावांचं, आणि आता दोन्ही एकमेकांतून सुटत नाहीत. चाळीस एकरांच्या बागाईतदाराला टेबल का आणावंसं वाटलं आणि अप्पांसारख्या माणसानं हॉल फुकट का दिला, याबद्दल माझ्या मनात दोन स्वतंत्र नोंदी आहेत. विठ्ठलरावांच्या नोंदीपुढे 'सोसायटीची निवडणूक' असं लिहिलंय. अप्पांच्या नोंदीपुढे 'हॉल मेहुण्याला शिकवणीसाठी द्यावा लागू नये म्हणून'. दोन्ही नोंदी अजून प्रमाणित व्हायच्या आहेत.

मी या मंडळाचा सचिव. बॉल मला काठीनं कधीच नीट मारता आलेला नाही. मी पंख्याखालच्या खुर्चीत बसतो आणि गुण लिहितो. पण ही खुर्ची जाणं मला परवडणारं नव्हतं. निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात वनमालानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, मला सांगितलं होतं की दुपारी चार ते आठ या वेळात मी घरात दिसलो तर ती तेलगावला माहेरी जाऊन राहील. मी फक्त तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक दिले होते. तेव्हापासून चार ते आठ मला त्या हॉलशिवाय जगात दुसरी जागा नाही. मंडळ मोडलं तर मी कुठे बसणार, हा प्रश्न पुढच्या सगळ्या प्रकरणात माझ्या डोक्यात होता. वाचकांनीही तो डोक्यात ठेवावा, म्हणजे माझ्या वागण्याचा राग येणार नाही.

आता सेफ्टी. विठ्ठलराव बॉल असा मारतात की खालच्या दुकानात गिऱ्हाईक वर बघतं. अप्पांची तऱ्हा उलटी. त्यांना सोपा बॉल दिसत नसला की ते कुठलाच बॉल जाळीत घालायचा प्रयत्न करत नाहीत. पांढरा बॉल हळूच ढकलून दुसऱ्या एखाद्या बॉलच्या मागे दडवून ठेवतात, म्हणजे पुढच्या गड्याला मारायला वाटच राहत नाही. याला सेफ्टी म्हणतात आणि जगभर ते चालतं. विठ्ठलरावांना ते चालत नव्हतं.

"ह्यो गडी बॉल घालीतच न्हाई भाऊसाहेब," ते मला म्हणाले होते. "निसता दडवतो. खेळायला आलाय का माल लपवायला?"

"माल हाताशी ठिवायची सवय हाय आमाला," अप्पा म्हणाले होते. "उधळायची न्हाई."

टेबलाबरोबर हॉटेलातून नियमांची एक चौकट आली होती. तिच्यातली बरीच अक्षरं उडाली होती. सेफ्टीपुढे एवढंच वाचता येत होतं की पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला लागल्यावर कोणता तरी बॉल टेबलाच्या कडेच्या रबरी गादीला लागला पाहिजे. नाही लागला तर फाऊल, आणि फाऊल झाला की पांढरा बॉल समोरच्याच्या हातात जातो. त्यानं तो हवा तिथे ठेवून मारायचा. इथपर्यंत ठीक. पण जो बॉल आधीपासूनच गादीला चिकटून बसलाय, त्याला नुसतं हलवलं तर तो गादीला 'लागला' की नाही? हे त्या चौकटीत नव्हतं किंवा उडालेल्या अक्षरांत होतं. आणि दिवाळी चषकाचा अंतिम सामना अप्पा आणि विठ्ठलराव यांच्यातच होता.

"तेवढं साफ करा," अप्पा म्हणाले. "आन् खारी घ्या की."

मी खारी घेतली. माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलराव माझ्या घरी आले. हातात सीताफळांची टोपली. "सहज आलतो," ते म्हणाले. माजी सरपंच सहज येत नसतात. मी टोपली परत करणार होतो, पण मी चष्मा शोधेपर्यंत वनमालानं ती आत नेली आणि दोन फळं फोडलीसुद्धा.

"ओळ लिवताय म्हणं," विठ्ठलराव म्हणाले.

"तुम्हाला कोण म्हणालं?"

"खारी खाल्ली म्हणं काल. दोन."

संध्याकाळपर्यंत अप्पांना सीताफळांची संख्या कळली होती. माझा ओळ लिहायचा कागद कोरा होता आणि दोन्ही पक्षांच्या लेखी मी दोनदा विकला गेलो होतो. अशा वेळी कुणीही समंजस माणूस कागद फाडून टाकेल. मी मात्र खात्यातला माणूस. मी मसुदा केला, हॉलच्या फळ्यावर लावला आणि खाली लिहिलं की कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. खात्यात आम्ही असंच करायचो. हरकत येत नाही, मुदत संपते, नोंद प्रमाणित होते. कारण शेतकऱ्याला फळा वाचायला वेळ नसतो. आमच्या मंडळात तेवीस सभासद होते आणि त्यांना फळा वाचण्याशिवाय दुसरं काही करायचं नव्हतं.

एक्केचाळीस हरकती आल्या.

सिद्धाराम शिंप्याची पहिली. 'चिकटलेला' म्हणजे किती चिकटलेला, हे सुतात सांगावं. निवृत्त एस.टी. कंडक्टर सुंदररावांची दुसरी, आणि तिसरी, आणि नववी. सुंदररावांनी अठ्ठावीस वर्षं प्रत्येक प्रवाशाकडे बिनतिकिटाचा म्हणून पाहिलं आहे आणि ती नजर निवृत्तीनंतरही त्यांनी जमा केलेली नाही. त्यांची नववी हरकत अशी होती की बॉल चिकटलाय हे पाहणारा माणूस कुणाचा, हे आधी जाहीर व्हावं. बाकीच्यांत पंख्याचा आवाज, जिन्यातला अंधार आणि मोरीच्या दाराची कडी यांवर हरकती होत्या. दोन हरकती सभासद नसलेल्यांच्या होत्या. एक शिरूर कासारहून पोस्टानं आली होती. तिथे फळ्यावरचा मजकूर कुणी कळवला, याचा मी अजून शोध घेतो आहे.

हरकतींवर माझी उत्तरं, उत्तरांवर प्रतिहरकती, असं करत एका ओळीची तीन पानं झाली. वनमाला म्हणाली, "नुसतं लिहा ना, की खेळायच्या आधी बघून घ्यायचं."

मी तिला सांगितलं की हे इतकं सोपं नसतं.

मुदत संपायच्या आतच अंतिम सामना आला, कारण विठ्ठलरावांच्या ऊसतोडीची तारीख लागली होती आणि सामना त्याआधी उरकायचा होता. मसुदा फळ्यावर लटकलेला आणि खाली सामना सुरू. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. विठ्ठलरावांनी आपले सगळे बॉल धडाधड घातले आणि दोघांनाही अगदी शेवटी घालावा लागतो तो काळाच काय तो त्यांचा राहिला. अप्पांचा एक पिवळा राहिला होता आणि मग काळा. पाळी अप्पांची. पिवळा गादीपाशी बसलेला, जाळी लांब, घालायची सोय नाही. अप्पांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि पांढरा बॉल असा ढकलला की मांजरानं दूध चाखावं. पांढरा पिवळ्याला लागला आणि तिथेच थांबला. पिवळा फार तर तांदळाच्या दाण्याएवढा सरकला. आता पांढरा आणि काळा यांच्या बरोबर मध्ये पिवळा उभा, आणि विठ्ठलरावांना वाट बंद.

"फाऊल," विठ्ठलराव म्हणाले.

"कावून फाऊल? लागला की गादीला."

"आदीच चिकटून व्हता त्यो. दुसरं काय लागलं गादीला?"

"चिकटून कुटं व्हता? सूतभर फट व्हती."

"न्हवती."

"व्हती."

आणि मग सगळा हॉल माझ्याकडे वळला. पंच म्हणून मीच बसलो होतो. फटका मारण्याआधी पिवळा बॉल गादीला चिकटून होता की नव्हता, हे आता जगात फक्त मी सांगू शकत होतो. आणि त्या क्षणी मी मोरीच्या कडीवरची हरकत क्रमांक एकोणतीस वाचत होतो.

हे मी तेव्हा बोललो नाही. सुंदरराव मात्र माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बघत होते, सुट्टे नसलेल्या प्रवाशाकडे बघावं तसे.

"सांगा भाऊसाहेब," अप्पा म्हणाले. "न्हाईतर कुलूप लावतो हॉलला. आमच्या इमानावर इतका शक असंल तर नकोच."

"लाव," विठ्ठलराव म्हणाले. "कुलूप लावायच्या आदी खिडकीची चौकट काढ. क्रेन बोलवलीच समज. माजं टेबल मी घिऊन जातो."

माझ्या डोळ्यांपुढे खिडकीतून उतरणारं टेबल आलं, त्यामागून खुर्ची आली, आणि दुपारी चार वाजता स्वयंपाकघराच्या दारात उभी वनमाला आली. घाबरलेला तलाठी काय करतो? जे येतं तेच करतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पंचनामा करू."

जे घडून गेलं, जे मी पाहिलं नाही आणि जी वस्तू जागेवरून हलली आहे तिचा पंचनामा. खात्यात असे बरेच केलेत, त्यामुळे कुणाला गैर वाटलं नाही. उलट सगळ्यांना बरंच वाटलं. सिद्धारामनं गळ्यातला टेप काढला. मी लिहून घेतलं: 'मौजे चौसाळा येथील टेबलावर पिवळ्या रंगाचा बॉल एक, सुस्थितीत. चतुःसीमा: पूर्वेस रबरी गादी, पश्चिमेस मोकळे हिरवे कापड, दक्षिणेस काळा बॉल, उत्तरेस पांढरा बॉल व त्यामागे विठ्ठलरावांचे पोट.' विठ्ठलरावांनी पोट आत घेतलं, म्हणून उत्तर सीमा खोडून पुन्हा लिहिली आणि खाडाखोडीवर सही केली. मग फट होती का, हे ठरवायला सिद्धारामनं बॉल आणि गादीच्या मध्ये सुई-दोरा घातला. दोरा गेला. विठ्ठलराव म्हणाले, दोरा गेला म्हणजे फट आत्ता आहे, तेव्हाची काय? अप्पा म्हणाले, दोऱ्यानंच बॉल हलला. सुंदरराव म्हणाले, दोरा कुणाच्या दुकानातला? दोरा अप्पांच्या दुकानातला निघाला.

पाच पंचांच्या सह्या झाल्या. 'आमचे समक्ष, पाहिले ते खरे.' पाचांपैकी तिघं फटका मारला तेव्हा खाली चहा पीत होते. त्यांनी सर्वांत ठाम सह्या केल्या.

पंचनाम्यानं काही ठरत नाही हे सगळ्यांना कळायच्या आत मी दुसरा कागद काढला. त्यावर माझ्या सर्वांत सुबक अक्षरात लिहिलं: 'सदर नियमाबाबत वरून मार्गदर्शन मागवण्यात येत आहे. मार्गदर्शन प्राप्त होईपर्यंत टेबलावरील बॉल जैसे थे ठेवावेत. हॉलला कुलूप लावू नये. टेबल हलवू नये.'

'जैसे थे' या शब्दांत काय आहे कोण जाणे. भांडणारा माणूस ते ऐकतो आणि त्याला वाटतं की आपण हरलो नाही. दोघेही खाली बसले.

मार्गदर्शनासाठी वर कुणीतरी असावं लागतं. मी पुण्याच्या एका बिलियर्ड संघटनेला पंचनाम्याच्या प्रतीसह रजिस्टर पत्र पाठवलं. ते 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आलं. मग ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या वर्षाराणीनं सगळा मजकूर ई-मेलनं पाठवला. पाठवताना तिनं विचारलं, "काका, हे तहसीलला जातंय की खेळाचं आहे?"

"दोन्ही सारखंच धर," मी म्हणालो.

आणि इथून पुढे जे झालं त्याचा अंदाज मलाही नव्हता. मला वाटलं होतं, खेळ बंद म्हणजे हॉल ओस पडणार. पण बॉल जैसे थे आहेत हे पाहायला कुणीतरी हवं ना? विठ्ठलराव म्हणाले, रात्री अप्पा येऊन बॉल सरकवील. ऊसतोड त्यांनी पुतण्यावर सोपवली आणि रोज साडेतीनला येऊन टेबलाच्या उत्तरेला बसू लागले. हे पाहून अप्पा सव्वातीनला दुकान सुनेकडे देऊन दक्षिणेला बसू लागले. त्या दोघांवर लक्ष ठेवायला सुंदरराव तीनलाच. पूर्वी रविवारी कशीबशी सात-आठ माणसं यायची. आता रोज वीसच्या खाली गेली नाहीत. सगळे खुर्च्या टाकून तीन बॉलांकडे बघत बसायचे. दर गुरुवारी उभय पक्षांसमक्ष मी तोंडानं फुंकर मारून बॉलांवरची धूळ उडवायचो. फुंकर फार जोरात नको, यावर वेगळी चर्चा झाली होती.

माणसं समोरासमोर बसली की किती वेळ बॉलकडे बघणार. आठवडाभरात विठ्ठलराव गुडघ्याबद्दल बोलू लागले. अप्पांचाही डावाच गुडघा निघाला. पत्नी केशरबाई वारल्यापासून आणि मुलगा पुण्याला गेल्यापासून विठ्ठलरावांच्या वाड्यावर संध्याकाळी टीव्ही सोडून कुणी बोलत नव्हतं, हे मला त्या उत्तर सीमेवरच कळलं. पुढे अप्पांच्या घरून दोघांचं मिळून थालीपीठ येऊ लागलं. विठ्ठलराव ते खायचे, पण बॉलवरची नजर न काढता. अप्पाही वाढायचे, पण पाठ न वळवता.

पाचव्या आठवड्यात वर्षाराणीनं मला केंद्रावर बोलावलं. उत्तर आलं होतं. इंग्रजी होतं, तिनं वाचून सांगितलं. चार ओळी होत्या. बॉल गादीला चिकटलेला आहे असं फटक्याच्या आधी पंचानं किंवा खेळाडूनं जाहीर केलं नसेल, तर तो चिकटलेला नव्हता असंच धरायचं. म्हणून फटका वैध, सेफ्टी खरी. शेवटची ओळ अशी होती की असा प्रसंग टाळण्यासाठी पंचानं फटक्याच्या आधी टेबलाकडे पाहावं.

ती शेवटची ओळ वर्षाराणीनं थोडी हळू वाचली. चांगली मुलगी आहे.

मी प्रिंट घेऊन बराच वेळ केंद्राच्या बाकावर बसलो. तीन पानांत मला जे जमलं नव्हतं ते चार ओळींत झालं होतं. वाचून दाखवलं की अप्पा वाद जिंकणार आणि विठ्ठलराव क्रेन बोलावणार. नाही दाखवलं तर मी चौतीस वर्षांत जे केलं नाही ते करणार. कागद दाबून ठेवला असं माझ्याविषयी कुणी म्हणू शकत नाही, आणि ज्यांनी म्हटलं ते दोघंही आता हयात नाहीत. मी जिना चढलो, पंख्याखाली उभा राहिलो आणि शेवटच्या ओळीसकट सगळं मोठ्यानं वाचलं.

विठ्ठलरावांनी हातातलं थालीपीठ खाली ठेवलं. क्रेनवाल्याचा नंबर शोधायला ते खिशात हात घालतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी हात पुढे केला.

"कागद बगू." त्यांनी कागद वरून पाहिला, खालून पाहिला. "शिक्का कुटं हाय?"

"ई-मेल आहे. त्याला शिक्का नसतो."

"गोल शिक्का न्हाई, जावक नंबर न्हाई," सुंदरराव म्हणाले. "असं पत्र तर कुनीबी काढंल."

आता मी अप्पांकडे पाहिलं. ते वाद जिंकले होते. त्यांना फक्त 'पत्र खरं आहे' म्हणायचं होतं. अप्पांनी कागद विठ्ठलरावांच्या हातातून घेतला, बस्त्याचं कापड पारखावं तसा दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, मग उलटा करून पाहिला. मग त्यांनी एकदा टेबलाच्या उत्तरेकडे पाहिलं, जिथे अर्धं थालीपीठ होतं.

"विठ्ठलरावांचं बरूबर हाय," ते म्हणाले. "शिक्क्याबिगर कसं मानायचं? उद्या तेच म्हणतील, अप्पानं लिवून आणलं."

"म्हणणारच," विठ्ठलराव म्हणाले आणि थालीपीठ उचललं.

मी कागद परत घेतला. आणि खरं सांगायचं तर, हातात घेऊन पाहिल्यावर मलाही तो जरा संशयास्पदच वाटला. मी कोपऱ्यात शेरा मारला: 'मूळ प्रत गोल शिक्क्यासह प्राप्त झाल्यावर विचार व्हावा.' सुंदररावांनी शेरा वाचून मान डोलावली. अठ्ठावीस वर्षांत ते पहिल्यांदाच कुणावर खूश झाले असावेत.

आठ वाजता घरी गेलो तेव्हा वनमाला भाजी निवडत होती.

"आलं म्हणे उत्तर?" तिनं विचारलं. तिला कुणी सांगितलं हे मी आता विचारतही नाही. "मग झाला का निकाल?"

"शिक्का राहिलाय. पुन्हा लिहावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

"काय सांगावं? महिना, दोन महिने."

तिनं मेथीच्या दोन काड्या बाजूला टाकल्या आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"घाई करू नका त्यांना," ती म्हणाली.